पाणी कोणी भरायचे?



गेल्या वर्षावासात भाईंदर पूर्वेच्या आमच्या विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्या रविवारी सिगालाला केलेल्या उपदेशाचा भाग आला. वाचन संपल्यावर दहावीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “काकू, आमच्याकडे पहाटे चारला पाणी येते. मी आणि आई उठतो, दादा झोपलेला असतो. त्याची बारावी आहे म्हणतात. मग माझी दहावी नाही का?”

सगळे हसले. तिची आई मात्र मान खाली घालून बसली. ती बाई दिवसभर स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला उभी असते. घरी आली की पुन्हा भांडीच!

एका ज्येष्ठ बांधवांनी लगेच सांगितले, की घरातली कामे नीट करावीत हे पत्नीचे कर्तव्य सुत्तातच आहे. आहे ना! पण दादांनी अर्धेच वाचले. दीघनिकायातल्या त्या सुत्तात पत्नीच्या आधी पतीची पाच कर्तव्ये आहेत. तिचा मान राखावा, अनादर करू नये, एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, वस्त्रालंकार द्यावेत. आमच्याकडे तिच्या हाती काम देतात, पगाराचे पाकीट खिशातच राहते.

आणि घरकाम पुरुषाला शोभत नाही, हे कोणी सांगितले? विनयपिटकात एका भिक्खूची हकीकत आहे. तो अतिसाराने आजारी होता, आपल्याच घाणीत पडला होता, कोणी जवळ जाईना. आनंदाने पाणी आणले, भगवंतांनी ते ओतले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. तथागतांना कमीपणा वाटला नाही, आपल्याला हंडा उचलताना वाटतो!

बाबासाहेबांनीही २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत सांगितले होते, की लग्न झालेल्या मुलीने पतीची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, दासी होऊ नये. ही गोष्ट आपण भाषणात दरवर्षी ऐकतो.

सरकारने २०२४ साली केलेल्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात असे आढळले. पुरुषांची ८८, आणि तीही घरकामाला हात लावणाऱ्यांची. ही रड एकट्या भारताची नाही. आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांतही पाण्याच्या वाटेवर बायका आणि मुलीच दिसतात. घरात नळ नाही अशा जगातल्या दहापैकी सात घरांत पाणी आणणे बाईच्याच वाट्याला येते, असे २०२३ च्या युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात आहे.

त्या मुलीच्या घरी पुढे काय झाले ते सांगते. आईने आठवड्यातले तीन दिवस दादाला लावून दिले. शेजारच्या पोरांनी त्याला “वहिनी” म्हणून चिडवले. पहिल्याच आठवड्यात तो दोनदा झोपून राहिला, पिंप रिकामे. आई काही बोलली नाही, मुलीलाही उठू दिले नाही. त्या दोन्ही दिवशी दादा आंघोळीविना कॉलेजला गेला.

आता गजर तो स्वतःच लावतो.