गोचिडांचे बिऱ्हाड गोठ्यात

पुण्यातील कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. त्यास लागून असलेल्या वारज्यात आज ‘बायफ’ संस्थेचे मुख्य कार्यालय आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापिलेल्या या संस्थेने संकरित गाय खेडोपाडी पोचविली. दूध वाढले, पण त्या गाईबरोबर एक जोखीमही आपल्या दावणीला आली. गोचिडांमार्फत पसरणारा थायलेरिओसिस, म्हणजे गोचीडताप, देशी जनावर बहुधा सोसते. संकरित गाय व वासरू मात्र त्याने दगावते, आणि कर्ज काढून घेतलेली गाय गेली तरी हप्ता राहतोच.

हा रोग पसरविणाऱ्या हायलोमा जातीच्या गोचिडाचे बरेचसे आयुष्य जनावराच्या अंगावर जातच नाही. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली गळते आणि भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. असे असता नुसत्या गाईच्या अंगावर औषध फवारून समाधान मानणे आम्हांस मुळीच पटत नाही. भेगा लिंपून घ्याव्यात. गोचीडनाशक पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणात भिंतींना व जमिनीलाही मारावे, आणि अंड्यांतून नवी पिल्ले निघतात म्हणून फवारणी पुन्हा करावी.

या विषयाच्या संशोधनाचा आरंभही, गंमत अशी, गोपालकांच्या बोलण्यातूनच झाला. अमेरिकेत दक्षिणेकडील निरोगी दिसणारी गुरे उत्तरेत नेली की तेथील गुरे तापाने मरत. गोपालक गोचिडांना दोष देत, तज्ज्ञ हसत. थिओबाल्ड स्मिथ व पशुवैद्य किलबोर्न यांनी दक्षिणेकडील गुरांचे गोचीड हातांनी वेचून काढले, तेव्हा शेजारची गुरे निरोगी राहिली. नुसते गोचीड कुरणात सोडले, तेव्हा ती आजारी पडली. हा निष्कर्ष १८९३ साली प्रसिद्ध झाला.

आज बुपारव्हाक्वोन हे गुणकारी औषध आहे. लसही आहे, पण ती द्रव नायट्रोजनमध्येच टिकते. तथापि औषधाचा उपयोग वेळेवर निदान झाले तरच. ताप दिसला की अंदाजाने प्रतिजैविकाची सुई टोचायची, ही रीत आम्ही घातक समजतो. मोलाचे दिवस त्यात जातात. खूप ताप व खांद्यापुढील गाठ सुजलेली आढळल्यास कार्यकर्त्याने त्याच दिवशी पशुवैद्यकास बोलवावे आणि सुईआधी कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून तपासणीस पाठविला जाईल असे पाहावे. धन्याने गोचीड वाढल्याचे सांगितले असेल, तर तेही सोबतच्या चिठ्ठीत लिहावे.