मोखाड्याचा पूल आणि पाणबुडी

गेल्या पावसाळ्यात एका वीकांताला आम्ही चौघं जव्हारहून मोखाड्याला निघालो. दाभोसाचा धबधबा झाला, भजी झाली, मग वाटेत एका छोट्या पुलाशी गाडी थांबवली. बाकीचे फोटोत रमले आणि मी पुलाच्या खांबाकडे बघत बसलो. (होय, मी असाच आहे. बायको आता काही बोलत नाही.)

पाणी खांबाला धडकतं, खाली बुडी मारतं आणि दोन्ही बाजूंनी वळसा घेऊन मागे जातं. घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा भोवरा. पुरात हाच खांबाच्या पायाखालची माती उकरतो. गंमत म्हणजे पाणबुडीच्या पाठीवर जो मनोरा असतो ना, त्याच्या पायथ्याशीही हाच भोवरा तयार होतो. तिथे उकरायला माती नसते, म्हणून तो मागे वाहत जातो, थेट प्रोपेलरकडे.

पाणबुडीच्या मागे राहणारं हे विस्कटलेलं, मंदावलेलं पाणी म्हणजे तिचा वेक. प्रोपेलर नेमका त्यातच फिरतो. प्रत्येक पातं एका फेरीत कुठे जोराचं, कुठे सुस्त पाणी कापतं, थरथरतं, आवाज करतं. आणि पाणबुडीने आवाज करणं म्हणजे शत्रूला स्वतःचा पत्ता देणं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले लगेच म्हणणार, त्यात काय, सिम्युलेट करा! मीही म्हणायचो. पण एवढ्या मोठ्या वस्तूभोवतीच्या खवळलेल्या प्रवाहातला प्रत्येक भोवरा हिशेबात धरणं आजच्या संगणकांनाही झेपत नाही. मग गृहीतकं घालावी लागतात, आणि पडद्यावरचं रंगीत चित्र ती लपवतं. म्हणून अमेरिकेत १९८९ साली 'सबऑफ' नावाचं ४.३५६ मीटर लांबीचं पाणबुडीचं मॉडेल ठरलं. त्यावरची मोजमापं जाहीर झाली आणि आजही जगभरचे लोक आपला कोड त्यावर घासून बघतात. आपल्या भाषेत, पस्तीसहून जास्त वर्षं चाललेली टेस्ट केस!

मॉडेलही पूर्ण खरं बोलत नाही म्हणा. आपली 'कलवरी' सुमारे ६७.५ मीटर लांब. तिचं पंधरापट लहान मॉडेल केलं, तर चिकटपणाचं गणित जुळायला ते त्याच पाण्यात पंधरापट वेगाने ओढायला हवं. सेकंदाला १० मीटरचे १५० मीटर. अशक्य! मग कमी वेगांवर मोजायचं आणि पुढचा अंदाज बांधायचा. थोडक्यात, टाकी आणि संगणक दोघांनी एकमेकांच्या चुका काढायच्या.

२०१७ ते २०२५ या काळात माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या या वर्गाच्या सहा पाणबुड्या नौदलात आल्या. अभिमान आहेच. पण आराखडा मूळ फ्रेंच. उद्या तोही आपला हवा, तर पाणी मोजणारी माणसं हवीत. विशाखापट्टणमला नौदलासाठी काम करणारी मोठी टाकी आहे, खडकवासल्याला १९१६ पासूनची जलसंशोधन संस्था आहे. तिथे जाणारी पोरं कुठून यायची? आमच्या कॉलेजात पाण्याचा फ्ल्यूम होता. चार वर्षांत एकदाच चालू झाला, तोही पाहणी समिती आली तेव्हा. प्रयोगाचे आकडे आम्ही सीनियरच्या जर्नलमधून उतरवले. मीही.

हे फक्त नौदलाचं दुखणं नाही. तो मोखाड्याचा पूल पुरात गेला, तर पलीकडच्या पाड्यातल्या माणसाचा दवाखाना तुटतो. भोवरा तोच. न मोजता उतरवलेले आकडे त्याला फसवू शकत नाहीत.