शंका दुधाची नको, हाताभांड्यांची घ्या



दिवस भरण्याआधी बाळ जन्मले आणि डॉक्टरांनी ‘जंतुसंसर्गाची भीती आहे’ म्हटले, की घरातला पहिला संशय आईच्या दुधावर जातो. ‘तिला ताप आहे, दूध बाधेल, वरचेच द्या.’ आमच्या जव्हारमध्ये हे मी कितीदा तरी ऐकले आहे, आणि मला ते पटत नाही.

सदतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाची आतडी कोवळी असतात, प्रतिकारशक्ती तोकडी. आईच्या चिकात आणि दुधात जंतूंशी लढणारे घटक असतात. डब्यातल्या पावडरीत ते कुठून येणार? आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा जीवघेणा आजारही आईच्या दुधावरच्या बाळांना कमी होतो.

मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी पावडरचे दूध बंद करून आयांनाच बाळांजवळ आणले, आणि संसर्ग कमी झाला. १९८९ मध्ये तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दान आलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून, तपासूनच बाळांना देतात.

म्हणून माझे मत असे, की शंका घ्यायची तर हातांची आणि भांड्यांची घ्यावी. चौतीस आठवड्यांच्या आतल्या बाळाला ओढणे, गिळणे, श्वास घेणे एकत्र जमत नाही. काढलेले दूध नळीने किंवा वाटी-चमच्याने द्यावे लागते. आपण पाणी गाळून, उकळून पितो. तीच दक्षता इथे हवी. हात साबणाने धुवा, वाटी-चमचा उकळा, बाटली टाळा. मध तर आपल्याला वर्ज्यच. घुटी, साखरपाणीही नको.

बाळ दवाखान्यात आणि बाळंतीण सव्वा महिना घरात, असेही करू नका. तिला बाळाजवळ जाऊ द्या. छातीत गाठ आली, ताप आला, तरी दूध काढणे थांबवू नये. साठले की दुखणे वाढते. मात्र गळू झाले, पू येऊ लागला किंवा जोरदार औषधे सुरू असली, तर ते दूध बाळाला द्यायचे की नाही हे डॉक्टरांनीच सांगावे. सासूबाईंनी नाही, शेजारणीने नाही, आणि मीही नाही.

आहारदान, औषधदान, अभयदान आपण वेगवेगळे मोजतो. या इवल्या जिवासाठी तिन्ही एकाच वाटीत असतात. ती वाटी तेवढी स्वच्छ ठेवा.