बुरशीचे दफ्तर

पेशवे दफ्तराचा यथार्थ अभिमान बाळगणाऱ्या पुणेकरांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असेल, की त्यांच्याच नगरात आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवकसंग्रह आहे, आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1951 पासून उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचे जतन होत आले आहे. जुना कागद रुमालात बांधून ठेवला तरी शतकानंतर वाचता येतो. नलिकेतील बुरशी मात्र सजीव असल्यामुळे तिच्याखालचे अगरयुक्त पोषक माध्यम सुकले की मरते, आणि ती मरू नये म्हणून तिला वारंवार नव्या नलिकेत उतरवीत गेले, तर बीजाणू धरण्याची किंवा ज्या द्रव्यासाठी तिला जपले तेच निर्माण करण्याची तिची शक्ती पुष्कळदा क्षीण होत जाते. त्यात माइट नावाचे अतिसूक्ष्म जीव नलिकेतून नलिकेत शिरून बीजाणूंची सरमिसळ करतात.

यावर उपाय आहेत. निर्जंतुक खनिज तेलाचा थर बुरशीची वाढ मंदावतो आणि माइटांनाही अटकाव करतो. कास्तेलानी यांनी 1939 मध्ये सुचविलेल्या पद्धतीने साध्या निर्जंतुक पाण्यातही अनेक कवके वर्षानुवर्षे तग धरतात. विपुल बीजाणू धरणाऱ्यांना शीतशुष्कन मानवते. आणि जी बीजाणू धरीतच नाहीत, त्यांना ग्लिसरॉलच्या द्रावणात ठेवून, मिनिटाला सुमारे एक अंश अशा संथ गतीने निववीत, उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनाच्या स्वाधीन करावे लागते. परंतु तो नायट्रोजन अहोरात्र उडून जात असतो, आणि टाकी वेळेवर भरणारा माणूस नसेल तर उत्तमोत्तम यंत्रसामग्रीही व्यर्थ होय.

त्या माणसाचे मोल ऑक्सफर्डने दाखविले आहे. फ्लोरी आणि चेन यांनी 1939 च्या सुमारास पेनिसिलिनचे काम हाती घेतले, तेव्हा फ्लेमिंग यांना 1928 मध्ये आढळलेल्या बुरशीचा वंश त्यांच्याच इमारतीत, अगदी निराळ्या कामासाठी, जिवंत राखलेला होता. ज्या हातांनी इतकी वर्षे तो इमानाने नलिकेतून नलिकेत उतरविला, त्यांना पुढे काय घडणार याची कल्पना असणे शक्यच नव्हते. तरीही त्यांनी तो फेकला नाही, यातच माझ्या मते संग्रहकार्याची सारी थोरवी आहे.

आपल्याकडे मात्र प्रकल्पाची मुदत संपली, हंगामी साहाय्यकाची नेमणूक सरली आणि प्रबंध मान्य झाला, की सह्याद्रीच्या रानांतून कष्टाने आणलेली कवके शीतकपाटात बेवारस पडून राहावीत, हे मला अक्षम्य वाटते. कारण ज्या बुरशीवर निष्कर्ष आधारले तीच उरली नाही, तर त्यांची शहानिशा कोणी आणि कशी करावी? यासाठी, प्रबंधात वर्णिलेले संवर्ध मान्यताप्राप्त संग्रहात जमा केल्याची पावती दाखविल्याविना पदवी देऊ नये, असा नियम विद्यापीठांनी करावा. आणि सरकारने या संग्रहांना प्रकल्पांच्या तात्पुरत्या अनुदानावर न ठेवता, दफ्तरखान्याप्रमाणेच, कायम पदांची व वार्षिक खर्चाची स्वतंत्र तरतूद अंदाजपत्रकात करावी.