शंख आणि पाण्याच्या करवंट्या

शिस्त म्हटली की आपल्याला काय आठवतं? शाळेची घंटा, पोलिसाची शिट्टी, सभेतला माईक. विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीत हे काम एक शंख करतो. १९५४ साली आलेली ही इंग्रजी कादंबरी जी. ए. कुलकर्णींनी मराठीत आणली आहे. लेखक स्वतः शाळामास्तर, शिवाय दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. मुलंही जवळून पाहिलेली आणि मोठ्यांचं युद्धही. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

गोष्ट थोडक्यात अशी. युद्धाच्या काळात इंग्लंडमधून सुरक्षित जागी नेत असताना शाळकरी मुलांचं विमान एका निर्जन बेटावर कोसळतं. मोठं माणूस एकही नाही. राल्फ आणि जाड भिंगांचा चष्मा लावणारा, दम्याचा त्रास असलेला एक मुलगा यांना पाण्यात शंख सापडतो. राल्फ तो फुंकतो, मुलं गोळा होतात, मतदान होतं आणि राल्फ नायक होतो. नियम ठरतो की ज्याच्या हातात शंख, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. छोटीशी लोकसभाच म्हणा ना!

या पुस्तकावर बोलणारे बहुतेक जण शंखावर थांबतात. शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे विज्ञान, डोंगरावरची आग म्हणजे सुटकेची आशा. बरोबरच आहे ते. पण मला विचाराल, तर त्या बेटावरची खरी सुधारणा शंखात नव्हती, ती नारळाच्या करवंट्यांत होती.

कशी ते सांगते. सभेत आणखीही नियम ठरले होते. ओढ्याचं पाणी करवंट्यांत भरून पानांखाली झाकून ठेवायचं. शौचाला ठरलेल्या खडकांवरच जायचं, म्हणजे भरतीच्या पाण्यानं जागा स्वच्छ होईल. राहायला झोपड्या बांधायच्या. आग विझू द्यायची नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवून होकार दिला. पुढे काय झालं? पहिल्या झोपडीला सगळे हात लागले, तिसरीला उरले फक्त राल्फ आणि सायमन. करवंट्या रिकाम्या राहू लागल्या. पोरं फळझाडांजवळच घाण करू लागली. राल्फ सभेत कळवळून हे सांगतो, तर मुलं हसतात.

हे वाचताना आपल्या घराची, गल्लीची, गावाची आठवण येत नाही का हो? पाणी, संडास, चूल, निवारा ही कामं केली तर कुणाला दिसत नाहीत आणि राहिली तर सगळ्यांना दिसतात. जॅक नावाच्या मुलाला शिकार आवडते. तोंडाला रंग फासायचा, भाले घ्यायचे, रानडुक्कर मारायचं. आग राखायची पाळी असलेल्या मुलांनाही तो शिकारीला नेतो. त्याच वेळी दूरवरून जहाज जातं आणि डोंगरावर धूर नसतो. सुटका हातची जाते. पण मुलं जॅकवर रागावत नाहीत. त्यानं आणलेलं मांस खातात. पराक्रम मिरवता येतो, पाणी भरणं मिरवता येत नाही.

दुसरी गोष्ट त्या चष्मेवाल्या मुलाची. सगळे त्याला ‘पिगी’ म्हणजे डुकऱ्या म्हणतात. त्याचं खरं नाव शेवटपर्यंत कुणी विचारत नाही. बेटावरचा शहाणा तोच. आग पेटते ती त्याच्याच भिंगानं. पण तो शंख हातात धरून बोलायला लागला की त्याला गप्प बसवतात. डोंगरावर शंख चालत नाही, असं जॅक म्हणतो तेव्हाच नियम मोडायला सुरुवात झालेली असते. अखेर वरून ढकललेल्या शिळेखाली पिगी मरतो आणि त्याच्या हातातल्या शंखाचा चुरा होतो. माझ्या मते शंख फुटला त्या दिवशी, पण निकामी झाला होता कधीच.

बचत गटाच्या निमित्तानं मी गावोगावच्या सभांना जाते. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना निम्म्या जागा आहेत. म्हणजे शंख हातात आला. पण बाई बोलायला उठली की मागून कुणीतरी म्हणतं, “वहिनी, ते साहेब सांगतील.” बोलायची पाळी मिळणं वेगळं आणि ऐकून घेतलं जाणं वेगळं.

मग माणूस मुळातच रानटी का? तसं मला वाटत नाही. १९६५ साली टोंगा देशातली सहा शाळकरी मुलं होडीतून भरकटत ‘आता’ नावाच्या निर्जन बेटाला लागली. पंधरा महिने ती तिथे राहिली. १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशानं त्यांना सोडवलं. या मुलांनी कामाच्या पाळ्या लावल्या होत्या. बाग केली, पावसाचं पाणी साठवलं, आग विझू दिली नाही. एकाचा पाय मोडला तर तो बांधून त्याला बरं केलं. आता, ही सहाच मुलं होती आणि आधीपासून मित्र होती, हे मान्य. तरी फरक पाहा. त्यांच्याकडे शंख नव्हता, पण पाणी कुणी भरायचं हे ठरलेलं होतं आणि ते भरलं जात होतं.

गोल्डिंगच्या बेटावर शेवटी नौदलाचा अधिकारी येतो. स्वच्छ गणवेश, कमरेला पिस्तूल. मुलांचं रानटीपण पाहून त्याला नवल वाटतं, आणि तो स्वतः आलेला असतो युद्धनौकेतून! गणवेश म्हणजे सुसंस्कृतपणा नव्हे, हे लेखकानं किती शांतपणे सांगितलंय.

म्हणून मुलांना शिस्त लावायची तर घंटा आणि छडीपासून नको. घरातल्या मुलाला, हो, मुलालाच, रोज पिण्याचं पाणी भरायचं काम द्या. आणि घरात जो सर्वांत हळू बोलतो, त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं, एवढा एकच नियम करा. पाळून पाहा, सोपा नाही तो!