टॅब कुणाच्या ताब्यात?

मा. संचालक महोदय,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद,
कुमठेकर मार्ग, पुणे



शाळेला टॅब मिळाले, पण शिक्षक ते वापरत नाहीत, ही तक्रार आढावा बैठकांत हमखास होते. पुण्यात होते, जिल्हा परिषदेत होते, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या खोलीतही होते. ज्यांच्याबद्दल ती होते ते शिक्षक मात्र त्या वेळी शाळेत खिचडीचा तांदूळ मोजत असतात. लातूर आणि नांदेडच्या शिवेवर मी प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरी केली, पुढे केंद्रप्रमुख झालो. शेजारच्या जिल्ह्यातल्या शिक्षकमित्रांमुळे तिकडच्या शाळाही जवळून पाहिल्या. आता निवृत्त आहे, त्यामुळे नोटिशीची भीती नाही. म्हणून बैठकीत गैरहजर असलेल्यांची बाजू जाहीरपणे मांडतो.

आमचा शिक्षक टॅबला घाबरत नाही. शालार्थ आधीपासून होतीच, २०१५ मध्ये 'सरल' ही माहिती भरायची प्रणाली आली. त्यामागून यू-डायस प्लस, पोषण आहाराची रोजची नोंद, विद्यार्थ्यांच्या आधारची जुळणी, 'दीक्षा'वरची 'निष्ठा' प्रशिक्षणं आणि डिसेंबर २०२३ पासून स्विफ्टचॅटवरच्या बॉटला द्यायची हजेरी. हे बहुतेकांनी स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जवर केलं. दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री जेवण झाल्यावर माहिती भरणारे मुख्याध्यापक दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव सापडतील. ज्याने एवढे पासवर्ड आणि ओटीपी पचवले, त्याला पडद्यावर बोट फिरवता येत नाही म्हणून तो टॅब वापरत नाही, हे निदान बरोबर नाही.

बदल मराठवाड्याच्या मास्तरांना नवाही नाही. निजामाच्या राज्यात शिक्षणाचं सरकारी माध्यम उर्दू होतं. सप्टेंबर १९४८ नंतर ते बदललं आणि उर्दूतून शिकलेल्या माणसांनी मराठीतून गणित-भूगोल शिकवायला घेतला. २०२० मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी हाक आपल्याच परिषदेने दिली. तेव्हा फोन नसलेल्या पोरांसाठी शिक्षकांनी पारावर, ओट्यावर, देवळाच्या सभामंडपात गट बसवले. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागली की ज्याच्या घरी टीव्ही आहे त्याच्या दारात चार पोरं गोळा करणारेही शिक्षकच होते.

मग टॅब कपाटात का राहतो? याचं पहिलं कारण कोणत्याही प्रशिक्षण-पुस्तिकेत सापडणार नाही. ते डेड स्टॉक रजिस्टरमध्ये आहे. टॅब शाळेत आला की त्याची नोंद त्या रजिस्टरात होते आणि त्या दिवसापासून तो मुख्याध्यापकाच्या मानेवर बसतो. काच फुटली, चोरी झाली, चार्जर हरवला, तर जाब त्याने द्यायचा. पोलीस पाटलाकडे जायचं त्याने, पंचनामा करायचा त्याने, वसुलीची टांगती तलवारही त्याच्यावरच. पोरांच्या हाती दिला तर फुटण्याची भीती, कपाटात ठेवला तर कुणीच काही विचारत नाही. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस काय करील? कुलूप लावील. आमच्या मुख्याध्यापकांनी तेच केलं.

दुसरं कारण वीज. समग्र शिक्षातून तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला दहा हजार रुपये आणि त्यापुढे शंभरपर्यंत पटाला पंचवीस हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान ठरलेलं आहे. त्यातूनच खडू, रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल. बिल थकलं की जोडणी तुटते. किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात किंवा जळकोट-देवणीच्या वाडीवर वीज असली तरी ती शाळेच्या वेळात असेलच असं नाही. चार्जिंगसाठी टॅब घरी न्यावा तर पुन्हा ते रजिस्टर आडवं येतं.

तिसरं कारण सगळ्यांत मोठं. टॅबमध्ये काय असावं, हे शिक्षकाला कुणी विचारत नाही. आतला मजकूर पुण्या-मुंबईत तयार होतो आणि बंद होऊन येतो. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे पोराच्या घरी तेलुगू असते, उदगीर, निलंगा, देवणीच्या सीमेवर कन्नड कानावर असते, नांदेड शहरात, औशात, उदगिरात उर्दू, तांड्यावर गोरमाटी, किनवटला गोंडी आणि कोलामी. पहिलीत येणाऱ्या या पोरांपुढे टॅबमधली बाई जी मराठी बोलते, ती त्यांना परकी. शिक्षक मात्र वर्षभरात पोरांची बोली उचलतो, तिच्यातून पुस्तकाच्या मराठीपर्यंत पूल बांधतो. त्याचा आवाज त्या टॅबमध्ये टाकायची सोय असती, तर तो टॅब त्याने स्वतःहून उघडला असता.

महोदय, आपल्या राज्याने या वाटेवर बरेच अनुभव गाठीला बांधले आहेत. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' हा जागतिक प्रयोग आला. हायस्कुलांत संगणक कक्ष आले, ते चालवायला कंत्राटी निदेशक आले. पाच वर्षांचा करार संपला तसे निदेशक घरी गेले आणि कक्षांना कुलपं लागली. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' टॅबचं थाटात उद्घाटन झालं, आणि तो वर्गात रुळण्याआधीच मावळला. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब वाटले. २०१८ मध्ये राज्याने आठवीची पुस्तकंच बदलली, आणि आतला जुना अभ्यास निकामी ठरला.

याच्या उलट दोन नावं आपणही भाषणांतून घेता. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी पोरांच्या हाती टॅब दिले आणि राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. ती कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या दोन्ही ठिकाणी यंत्र वरून आलं नव्हतं. काय शिकवायचं अडलंय हे शिक्षकाला ठाऊक होतं, आणि यंत्र त्याने त्यासाठी वाकवलं. आपण मात्र त्यांच्या यशातून यंत्र तेवढं उचललं आणि २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' शासन निर्णयानंतर 'किती शाळा डिजिटल झाल्या' याची मोजदाद सुरू केली. गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून लाखो रुपये दिले. त्यातून घेतलेले किती पडदे आज चालू आहेत, ही मोजदादही एकदा प्रामाणिकपणे व्हावी.

जगातही हेच घडलं. पेरू देशाने खेड्यापाड्यांतल्या मुलांना लाखो लॅपटॉप दिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या गुणांत त्याने फरक पडल्याचं दिसलं नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने मथळ्यातच विचारलं: हे साधन कुणाच्या अटींवर? माझाही प्रश्न तोच आहे, फक्त तो मी मुखेड-अहमदपूरकडून विचारतो आहे.

लातूरचं उदाहरण घ्या. 'लातूर पॅटर्न'चं कौतुक किंवा टीका जे काही करायचं ते करा, पण तो उभा राहिला तेव्हा कुणाकडे टॅब नव्हता. राजर्षी शाहू महाविद्यालयात डॉ. जनार्दन वाघमारे प्राचार्य होते. पुढे तेच नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जादा तास, पुन्हा पुन्हा चाचण्या, प्रत्येक उत्तरपत्रिकेवर पोराशी बोलणं, ही पद्धत प्राध्यापकांनी स्वतः घडवली. आज त्याच शहरात नीटची तयारी करणाऱ्या पोरांच्या हाती टॅब आहेत. इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त मुलांना 'महाज्योती' प्रशिक्षणासोबत टॅब आणि रोजचा सहा जीबी डेटा देते, हे चांगलंच आहे. पण सतरा वर्षांच्या मुलाला बहुपर्यायी प्रश्नांच्या सरावासाठी लागणारा टॅब आणि दुसरीतल्या पोराला वाचायला लागावं म्हणून हवा असलेला टॅब, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याचा साचा दुसऱ्यावर लादू नये.

२०२३ चं 'असर' सर्वेक्षण १४ ते १८ वयाच्या मुलांचं होतं आणि त्यात महाराष्ट्रातून नांदेड जिल्हा होता. सर्वेक्षणातल्या सगळ्या जिल्ह्यांचं एकत्रित चित्र असं: दहातल्या जवळपास नऊ घरांत स्मार्टफोन, तरी चारपैकी एका मुलाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सरळ वाचता येत नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून कमी मुलांना जमतं. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन, मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. घरचा फोन आधी भावाच्या हातात जातो, हे आम्हाला आकड्यांशिवायही माहीत होतं. म्हणून शाळेतल्या टॅबचं मोल मला कमी वाटत नाही. पुष्कळ मुलींना 'आता तुझी पाळी' असं म्हणून पडदा हाती देणारी जागा शाळाच असते.

टॅबचा खरा उपयोग कुठे आहे तेही सांगतो. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी पोषण आहाराच्या, बैठकीच्या किंवा मतदार यादीच्या कामात असले की दुसऱ्या बाईंपुढे चार इयत्ता एका खोलीत बसतात. बाई पहिली-दुसरीला अक्षरं गिरवायला लावतात तेव्हा तिसरी-चौथीचा गट टॅबवर भागाकार सोडवू शकतो, आणि कोण कुठे अडला हे बाईंना नंतर दिसू शकतं. कंधार, लोहा, मुखेड, जळकोटकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबं जातात. पोरगं कारखान्याच्या तळावर गेलं की शिक्षण हमी कार्ड सोबत जातं, पण त्याला काय येत होतं ते सोबत जात नाही. ते टॅबवरच्या नोंदीतून गेलं, तर तिकडच्या आणि परतल्यावर इकडच्या शिक्षकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. हे दोन प्रश्न टॅबने खरोखर हलके होतील. पण हे आमच्या केंद्रातल्या बाईंना माहीत आहे. निविदा काढणाऱ्याला माहीत नाही.

म्हणून पाच मागण्या करतो.

पहिली: टॅब आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिक्षकाच्या हाती द्या, घरी न्यायच्या परवानगीसह. पोरांपुढे चाचपडायची लाज, विशेषतः पन्नाशीतल्या गुरुजी-बाईंची, त्या वर्षात निघून जाईल.

दुसरी: वाजवी वापरात फुटलेल्या, बिघडलेल्या टॅबची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, असं लेखी परिपत्रक काढायला शासनाला भाग पाडा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात दुरुस्तीची सोय आणि दोन-चार जादा टॅब ठेवा.

तिसरी: शिकवायचा टॅब हजेरी, आहार आणि माहितीच्या लिंकांपासून मुक्त ठेवा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अन्य अशैक्षणिक कामाला लावू नये असं सांगितलं आहे. ती कामं टॅबमधून आली म्हणून शैक्षणिक होत नाहीत.

चौथी: मजकूर नेटशिवाय चालणारा आणि शिक्षकाला बदलता येणारा असू द्या. गोरमाटीतली गोष्ट, मन्याड नदीचं चित्र, गावच्या बाजारातला हिशेब त्याला स्वतः घालता आला पाहिजे.

पाचवी: प्रशिक्षण वरून खाली झिरपवू नका. नांदेडची आणि लातूर जिल्ह्यातल्या मुरुडची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, दर महिन्याची केंद्रस्तरावरची शिक्षण परिषद आहे. जे शिक्षक हे करून बसले आहेत, त्यांनाच तिथे बोलू द्या. बदली होऊन गेलेल्याच्या जागी आलेल्यालाही ते शिकता येईल, कारण केंद्र जागेवरच राहतं.

गटसाधन केंद्रातले दोन-चार जादा टॅब सोडले, तर यातल्या एकाही मागणीला नवा टॅब विकत घ्यावा लागत नाही. लागते ती दुरुस्तीची आणि वर सांगितलेल्या वीजबिलाची थोडी तरतूद, एक परिपत्रक आणि शिक्षकावर विश्वास. पुढच्या खरेदीची फाइल आपल्या टेबलावर येईल तेव्हा तिच्यासोबत नांदेड आणि लातूरच्या प्रत्येकी दहा द्विशिक्षकी शाळांतल्या शिक्षकांचं लेखी मत जोडल्याशिवाय तिच्यावर सही करू नका, एवढी माझी जाहीर विनंती आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त केंद्रप्रमुख
अहमदपूर, जि. लातूर