गच्ची सगळ्यांची, ताप एकट्याला



आपल्यापैकी पुष्कळांची मुले-मुली नोकरीपायी मुंबईच्या अंगाला राहतात. वसई पूर्वेची एव्हरशाईन सिटी ही तशीच फ्लॅटची वस्ती. अशा ठिकाणी सगळ्यात वरचा मजला वाट्याला आला, की उन्हाळा जड जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती धग खाली सोडतो, पंखा गरम वाराच ढकलतो, आणि मग हप्त्याने एसी येतो. आमचे मत स्पष्ट आहे : ऊन आधी छतावरच अडवावे, यंत्राचा विचार मागाहून.

ऊसवाल्याला ही गोष्ट नवी नाही. तोडणी कामगाराच्या पाचटाच्या कोपीत पत्र्याखाली असते तशी धग नसते. पाचटात हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही. अमेरिकेत लुइझियानात तर १९२० च्या दशकात बगॅसपासून घरांसाठी उष्णता अडवणारे तक्ते निघू लागले होते.

फवारणीच्या फोमचे तत्त्व तेच. दोन द्रव पदार्थ बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात, औषधासारखे फवारले जातात आणि काही सेकंदांत फुगून घट्ट बसतात. आपल्या फ्रिजच्या भिंतीत याच जातीचा पॉलियुरेथेन फोम असतो. बंद छिद्रांच्या फोमचा १ इंचाचा थर उष्णता अडवण्यात सुमारे ४ फूट काँक्रीटच्या तोडीचा ठरतो. त्याला सांधा नाही, स्लॅबवर वजन नगण्य, पत्र्याच्या पन्हाळीतही तो चिकटून बसतो. एसी लावलाच तर कमी वेळ चालवावा लागतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओल्या, गळक्या स्लॅबवर फोम मारू नये. आधी गळती काढावी. उन्हाने तो खराब होतो, म्हणून वरून संरक्षक लेप हवाच. फवारताना निघणारी वाफ छातीला बाधते. घरच्यांनी तिथे थांबू नये. आणि फोम जळतो. २०१७ साली लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसे गेली. बाहेरून बसवलेल्या प्लास्टिकच्या गाभ्याच्या पत्र्यांनी ती आग पसरवली, आतल्या फोमनेही हातभार लावला. तेव्हा घरात उघडा फोम नको, आणि माल आगीच्या कसोटीला उतरलेलाच घ्यावा.

खरे अडते ते पैशापाशी. गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून वरच्या घराचे छत बिघडले, तर दुरुस्ती सोसायटीने करावी असे आदर्श उपविधीत आहे. पाण्याला जो न्याय, तोच उन्हाला का नसावा? खालचे म्हणतात, "आम्हाला काय त्याचं?" सभासदहो, कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला हेच उत्तर ऐकावे लागते, आणि ते किती झोंबते हे आपल्याला कुणी सांगायला नको.

अर्धा खर्च सोसायटीने आणि अर्धा वरच्या मजल्याने उचलावा, असे आम्ही सुचवतो. ठराव होईपर्यंत गच्चीला चुन्याचे दोन हात द्यावेत. तेवढ्यानेही धग कमी होते. पण विषय सर्वसाधारण सभेत आलाच पाहिजे. मुलांना तसे आवर्जून सांगा. सहकार आपल्या घरातून शिकूनच ती तिकडे गेली आहेत.